शिक्षकवृंदाचा सहधर्म

तैत्तिरीय उपनिषदातील शांतिपाठात, आपले रक्षण व्हावे, आपले अध्ययन तेजस्वी व्हावे आणि आपल्यांत द्वेष उपजू नये, अशी याचना गुरू आणि शिष्य हे दोघे मिळून करतात. परस्परांच्या कुशलाला विद्येच्या जोडीने स्थान देणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. परंतु तिच्यापुढे गुरू एकच आहे, आणि आजच्या शाळेत एकच विद्यार्थी दिवसभरात पाच-सहा शिक्षकांच्या हाती तासातासाने सोपविला जातो. मग त्याच्या कल्याणाचा धर्म कोणाचा?

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील नशिराबादसारख्या गावी हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. कापसाची वेचणी ऐन भरात आली, की वर्गशिक्षकाला हजेरीपटावर एखाद्या मुलीची गैरहजेरी तेवढी दिसते. गणिताच्या गुरुजींना तिच्या वहीची पाने कोरी आढळतात. घरी लेवा बोलीत मोकळेपणी बोलणारी ही मुलगी पुस्तकी मराठीत उत्तर देताना बिचकते, हे मराठीच्या बाईंच्या ध्यानी आलेले असते. आणि आई वेचणीला गेल्यावर धाकटे भावंड तिच्याच कडेवर असते, ही गोष्ट त्याच आळीत राहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेलाच ठाऊक असते. चौघेही सहृदय असतात, आणि तरीही ती मुलगी चौघांपैकी कोणालाच पुरती दिसलेली नसते. करुणेला आधी ज्ञान लागते, आणि शाळेत ते ज्ञान विखुरलेले असते. म्हणूनच शिक्षकांनी एकत्र बसणे ही कारभाराची सोय नसून प्रत्यक्ष धर्माचरण आहे, असे मी मानतो.

यावर कोणी साने गुरुजींचे उदाहरण देईल, आणि ते उदाहरण याच जळगाव जिल्ह्यातले असल्याने टाळताही येणार नाही. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले गुरुजी १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले, छात्रालयाचा भार त्यांनी वाहिला, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले आणि मातेच्या ममतेने त्यांची शुश्रूषा केली. परंतु १९३० साली राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले. असे प्रेम दुर्मिळ असते, आणि ज्या शाळेचे सारे वात्सल्य एकाच हृदयात साठलेले आहे, तिची मुले त्या माणसाच्या जाण्याने एका दिवसात पोरकी होतात. शिवाय निवडणूक, जनगणना आणि वरून येणारी दप्तरी कामे यांनी थकलेल्या शिक्षकाने एकट्याने संत व्हावे, अशी अपेक्षा करणे हाही त्याच्यावर अन्यायच होय.

मात्र एकत्र बसण्याच्या या मार्गात एक खरे संकट आहे. शिक्षकांच्या खोलीत मुलाच्या घरचे दारिद्र्य, बापाचे व्यसन, आईचे माहेरी निघून जाणे यांची वाच्यता झाली, की हितचिंतनाचे रूपांतर कुचाळकीत व्हायला वेळ लागत नाही. याला मला एकच कसोटी सुचते: जे त्या मुलासमोर उच्चारता येणार नाही ते तेथेही उच्चारू नये, आणि उच्चारलेल्या प्रत्येक गोष्टीमागून कोणीतरी काही करण्याचे पत्करावे.

शाळासमूहाच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेची वाट न पाहता, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांसह सर्वांनी हजेरीपट मधोमध उघडून अर्धा तास बसावे, त्या आठवड्यात कोणाचे नाव कोणाच्या मनात सलत राहिले ते सांगावे, आणि सोमवारी त्या मुलाच्या घरी कोणी जायचे हे ठरवूनच उठावे.