काच कुणाची?

जुनी काच पारखणारी माणसं सही सगळ्यात शेवटी बघतात. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कच्या फुलदाण्यांवर हौशी लोक जगभर पैसे ओततात. त्यातल्या पुष्कळांच्या तळाला हिऱ्याच्या टोकाने नाव कोरलेलं असतं. पण नाव काय, उद्याही कोरता येतं. फिनलंडच्या इट्टाला कारखान्याचा तो प्रसिद्ध लाल गोलातला ‘आय’ तर नुसता चिकटवलेला कागद असायचा, चार वेळा धुतलं की गेला. म्हणून जाणकार आधी वस्तू उलटी करतो. लोखंडी सळईवरून काच तोडली तिथला व्रण घासून गुळगुळीत केलाय की तसाच ठेवलाय, कडेला साच्याची रेघ आहे का, आणि तळावरचे ओरखडे वर्षानुवर्षं वाट्टेल तसे उठलेत की कुणी पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासलेत, हे तो बघतो. हे सगळं जुळलं तर मग सही.

नंदुरबारला कुणाच्या घरात स्वीडनच्या ओरेफोर्सची फुलदाणी असेल तर असो. इथल्या माळ्यांवर आणि भंगाराच्या दुकानांत निघतात ते कंदील. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवर वीज उशिरा पोहोचली, त्यामुळे कंदील तिथे शोभेची वस्तू व्हायला तयारच नव्हता. त्यात कधीमधी एखादा ‘प्रभाकर’ सापडतो. कराडजवळच्या ओगलेवाडीचा.

गंमत अशी की १९१६ सालीच स्वीडनच्या जंगलातल्या ओरेफोर्स गावच्या कारखान्याने सिमोन गाटे हा चित्रकार नोकरीला ठेवला आणि तिथली काच कला म्हणून नावारूपाला आली. त्याच साली औंध संस्थानच्या पाठबळावर ओगलेवाडीत ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्याआधी १९०८ला तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळ्यांनी दारोदार एकेक पैसा मागितला, टिळकांनी पाठीशी बळ दिलं, आणि त्या पैशांतून भट्टी पेटली. तिकडे शोभेसाठी काच फुंकली जात होती आणि इकडे परदेशी कंदील घरातून जावा म्हणून. मला विचाराल तर दुसरं काम अवघड. फुलदाणीला तडा गेला तर शोभा जाते, कंदिलाची चिमणी तडकली तर घरात अंधार.

प्रभाकर कंदील ओळखायचा तर हीच अडचण येते. पत्र्याचा सांगाडा पन्नास वर्षं टिकतो, काच टिकत नाही. संध्याकाळी राख आणि फडकं घेऊन काजळी पुसायचं काम घरातल्या लहान पोरांकडे असायचं, कारण त्यांचाच हात चिमणीत जायचा. पुसता पुसता फुटली की बाजारातून मिळेल ती काच यायची. त्यामुळे टाकीवर एका कारखान्याचं नाव आणि वर काच भलत्याच गावची, असा जोडकाम झालेला कंदीलच जास्त भेटतो. दुकानदार खुशाल ‘ओरिजनल’ म्हणून भाव सांगतो. तेव्हा टाकीवरचे ठसे आणि काचेवरची अक्षरं वेगवेगळी वाचावीत. काच उन्हात धरावी. हिरवट झाक दिसली तर ती वाळूतल्या लोहाची, त्यावरून कारखाना ठरत नाही. काठ हाताला लागतो का तेही बघावं: नुसता कापलेला काठ बोचतो, भट्टीच्या आचेने वितळवून गोल केलेला बोचत नाही.

एवढं करूनही एक नाव सापडत नाही ते नाहीच. नळी तोंडाला लावून ज्याने काच फुगवली तो माणूस. स्वीडनच्या फुलदाणीवर सही असते ती नक्षी आखणाऱ्याची, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा कारखान्यातला दुसराच कुणी कोरतो. आपल्या कंदिलावर कारखान्याचं नाव. फुंकणारा दोन्हीकडे बिननावाचा. संग्राहकांना त्याची खंत नसते, कारण त्याच्या नावाने भाव वाढत नाही.

ओगलेवाडीचा कारखाना केव्हाच बंद पडला. कराडचं रेल्वे स्टेशन त्याच गावात आहे, तेवढ्यापुरतं नाव लोकांच्या तोंडी राहिलंय. तुमच्या माळ्यावर जुना कंदील असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी टाकी ओल्या फडक्याने पुसा. घासणी किंवा चिंच मात्र लावू नका, पत्र्यावरचं उरलंसुरलं नाव त्यानेच जातं. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर काच कधी आणि कुठल्या बाजारातून बदलली ते आजच विचारून एका चिठ्ठीवर लिहून कंदिलाला बांधा.