तनयचं दुःख

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मी हॉस्टेल सुटल्यावर वाचली. भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. अनुजाचं दुःख सगळ्या घराला कळतं. तनयचं मात्र त्याच घरात कोणाला सांगण्यासारखं नसतं. आधी मीही अनुजासाठीच हळहळले.

मग रूममेट आठवली. माझ्या ब्रेकअपला ती रात्रभर जागली होती, तीनदा चहा केला होता. तिचा झाला, एका मुलीशी, तेव्हा मी 'होईल गं ठीक' म्हणून हेडफोन लावले. तिरस्कार नव्हता हो, अजिबात नाही. तिचं प्रेम मला फक्त जरा कमी खरं वाटलं होतं. तिरस्कारापेक्षा हे बरं का?

तिच्यासाठी दुसरी प्रत आणलीय. अजून पाठवलेली नाही.