हातावरचं तेल

संध्याकाळ झाली. भाजल्याच्या व्रणावरचा प्रेशर गारमेंट उतरवून ठेवा. दिवसाचे जवळजवळ २३ तास तो अंगाला आवळून असतो. हा थोडा वेळ कातडी मोकळी आहे.

भिंतीला पाठ टेकून बसा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. मिटल्यावर तो जाळ पुन्हा दिसत असेल, तर समोरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहा. श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला आपल्या चालीनं चालू द्या.

आता आपला तळहात बघा. बोटांसकट हा पंजा म्हणजे आपल्या अंगावरच्या कातडीचा साधारण १ टक्का. तुम्हाला दवाखान्यात आणलं, तेव्हा अशाच मापानं अंदाज घेतला असेल, किती भाजलंय. केसपेपरवर आकडा पडला आणि पुढे तोच घरीदारी सगळ्यांच्या तोंडी बसला. त्या आकड्यात रात्रीची खाज नव्हती. लायटरची ठिणगी पाहून मागे सरकणारं पाऊल नव्हतं. ‘मीच लक्ष द्यायला हवं होतं’ हे मनात पुन्हा पुन्हा उगाळणं नव्हतं. डाग लहान म्हणून दुःखही लहान, असं नसतं.

आज या पंजाला दुसरं काम देऊ.

खोबरेल तेलाचे चार थेंब घ्या, किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम. जिथे जखम अजून ओली आहे, ती जागा सोडा. स्वतःचे हात चालत नसतील, तर घरातलं जे माणूस रोज तेल लावतं, त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा.

आधी न भाजलेल्या कातडीवर हात टेका. ऊब जाणवू द्या.

मग सावकाश व्रणाच्या काठापर्यंत या.

थांबा. इथे मन मागे सरतं. सरू द्या. आज काठापर्यंतच आलात, तरी चालेल.

पुढे जावंसं वाटलं, तर बोट गोल गोल फिरवा. कुठे दोरीसारखं ताठ लागतं, कुठे मेणासारखं गुळगुळीत. कुठे मुंग्या येतात, कुठे बोट लागल्याचंही कळत नाही. लालसर जागी हलकेच दाबा. लाली जाते. बोट उचला. ती परत भरते. या व्रणाचं काम अजून चालू आहे. तो मऊ, फिका, शांत व्हायला वर्ष लागतं, दीड वर्ष लागतं, कधी दोन किंवा त्याहून जास्त.

आणि ड्रेसिंग सुटल्या दिवसापासून लोक विचारतात, ‘आता बरं आहे ना सगळं?’

कातडीला दिलेली ही मुदत मनालाही द्या. ते अजून दचकतं, रडतं, आरसा टाळतं. त्याचंही काम चालू आहे.

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत हा हात पदराखाली किंवा खिशात जातो. त्याला रागावू नका. फक्त एक आठवा: कुणासमोर तो लपत नाही? चहाचा कप घेताना कुणापुढे सहज पुढे होतो? ते एक माणूस मनाशी आणा. दोन श्वास त्याच्याजवळ बसा.

असं कुणीच आठवलं नाही, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे एकट्यानं सोसू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. ज्या डॉक्टरांना व्रण दाखवता, त्यांना झोपेबद्दलही सांगा. तीही त्याच जखमेची बाजू आहे.

आता हात थांबवा. तळहाताला थोडं तेल उरलं असेल. ते पुसून टाकू नका. ज्या हातानं इतका वेळ सेवा केली, त्याच्या पाठीवर ते चोळा.

मग गारमेंट चढवा. उद्या संध्याकाळी पुन्हा, जिथवर जमेल तिथवर.