शेवटचा हात

काच फुटली की आधी शोध सुरू होतो तो शेवटचा हात कोणाचा लागला याचा. विरारच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये खिडकीची काच बसवताना तडकली, तर भुर्दंड ती बसवणाऱ्या पोराच्या मजुरीवर. हा हिशेब मला काचेच्या स्वभावाशी जुळणारा वाटत नाही.

अणूंच्या बंधांवरून हिशेब केला तर काच पोलादालाही मागे टाकेल. प्रत्यक्षात हाती येते ती या हिशेबाच्या जेमतेम शंभराव्या भागाची ताकद. इंग्रज अभियंता ग्रिफिथ याने 1921 साली याचे कारण मांडले: डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे. लोखंड ताण आला की किंचित वाकते, चऱ्याच्या टोकाशी साचलेला ताण पसरवते. काच तशी नमते घेत नाही. त्यामुळे ‘ही काच किती मजबूत?’ यापेक्षा ‘हिच्या अंगावरून काय काय गेले?’ हे विचारावे.

बरेच काही गेलेले असते. भट्टीतून निघालेली काच सावकाश निवली नाही, तर आत ताण राहतो; कंदिलाची अशी चिमणी वात वाढवताच तडकते. तोच ताण मोजूनमापून भरला की टफन काच होते: सुमारे 620 अंशांपर्यंत तापवून गार हवेचे झोत मारायचे. मग मात्र तिला भोक पाडता येत नाही. साध्या काचेवर हिरकणीने रेघ ओढून तुकडा मोडतात, तेव्हा खरी जोखीम कडेला असते. कड नीट घासली का? टेम्पोत काचा उभ्या ठेवल्या का, मध्ये कागद घातला का? नाहीतर महामार्गावर सातिवलीच्या खड्ड्यांत वाळूचा एक कण दोन काचांमध्ये रगडला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात आपली दमट हवा. बाष्पाचे रेणू चऱ्याच्या टोकाशी शिरून बंध सैल करतात. म्हणून क्षणभर सहज पेललेला भार महिनोन्‌महिने राहिला, तर तीच काच दगा देते.

साध्या काचेच्या तुटलेल्या कडेवर तडा कुठून निघाला ते वाचता येते. सुरुवातीपाशी ती आरशासारखी गुळगुळीत असते, पुढे धुरकट, मग खडबडीत. तुकडे झाडून गोणीत भरण्याआधी एवढे पाहिले, तर कोणाची मजुरी कापायची हे बऱ्याचदा कळेल. कंत्राटदाराला ते कळून घ्यायचे असते का, हा निराळा प्रश्न.