गीता ७.७-८ : भिंतीतली पोकळी



आज सातव्या अध्यायातले दोन श्लोक, सातवा आणि आठवा. सातव्यात भगवान अर्जुनाला माळेचा दाखला देतात. मणी दिसतात, त्यांना धरून ठेवणारा दोरा आत असतो. मग आठव्यात आपण कशाकशात आहोत ते सांगायला लागतात : पाण्यातली चव, चंद्रसूर्याचं तेज, वेदांतला ओंकार आणि आकाशातला शब्द.

आकाश म्हटलं की आपण वर बघतो. पण मूळ श्लोकात आकाशासाठी आलेला शब्द आहे ‘ख’. ख म्हणजे पोकळी, रिकामी जागा. आपल्या दर्शनांमध्ये शब्द हा आकाशाचाच गुण मानलाय, आणि ते आकाश घागरीत असतं तसं कानातही असतं.

सध्या आमच्या अंधेरीच्या घराचं काम चाललंय. त्यामुळे ही पोकळी रोज टेप लावून मोजायला मिळतेय.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. दोन्ही कानांना यंत्र आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर देवळातलं कीर्तन सुटलं. घर उघडलंच आहे तर हॉलच्या भिंतीत स्पीकर बसवून टाकू, ही कल्पना भावाची. वयानुसार ऐकू येणं कमी होतं, ते सगळं सारखं कमी होत नाही. आधी जातात ते बारीक, टोकदार आवाज : स, श, फ, थ असली व्यंजनं. ‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही,’ असं म्हातारी माणसं म्हणतात ते अगदी खरं असतं. नुसता व्हॉल्यूम वाढवला तर गोंगाट वाढतो, अर्थ नाही. म्हणून स्पीकर जवळ हवेत, आणि त्यातला छोटा ट्वीटर बाबा खुर्चीत बसल्यावर कान येतो त्या उंचीला हवा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

अडलं भिंतीपाशी. हे भिंतीतले स्पीकर मुळात बोर्डाच्या, आतून पोकळ भिंतींसाठी केलेले, अमेरिकेतल्या घरांत असतात तशा. आपल्याकडे साडेचार इंची विटांची भरीव भिंत, आणि स्पीकरलाच खोली लागते तीन-चार इंच. तेवढं खोदलं तर पलीकडे प्लास्टरच उरेल! कॉलम-बीमला तर हात लावायचाच नाही. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत होती, पण तिच्या पलीकडे त्यांच्या आजी वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आहेत.

उरला एकच मार्ग. आपल्याच बेडरूमच्या भिंतीपुढे पत्र्याच्या चॅनेलची चौकट उभी करायची, आत रॉकवूल, वर जिप्सम बोर्ड. म्हणजे दहा फूट लांबीला पाच इंच जागा जाणार. चार चौरस फुटांहून थोडी जास्तच. अंधेरीत! भावाने लगेच फोनवर भावाचा गुणाकार केला आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. त्या भिंतीला आईचं कपाट ठरलं होतं, तेही आता मावणार नव्हतं.

बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माझ्यासाठी नको. मी मोबाइल कानाशी धरून ऐकत जाईन.”

आई ओट्याशी होती. तिथूनच म्हणाली, “कपाट माझं होतं ना? मग ते नको, मी सांगते. तुम्ही ऐका.”

मंडळी, नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. दासबोधातही चौथ्या दशकाची सुरुवात श्रवणभक्तीनेच होते. कान तर जन्मतःच आहेत, मग श्रवणाला आणखी काय लागतं, असं आपल्याला वाटतं. त्याला आधी जागा लागते, आणि ती कोणाच्या तरी वाट्यातून काढावी लागते. आपण मेट्रोत, इअरफोन लावून, दीडपट वेगाने प्रवचन ‘संपवतो’. त्याला श्रवण म्हणावं का, मला खरंच शंका आहे.

दोऱ्याचं राहिलंच. स्पीकरची वायर विजेच्या वायरच्या पाइपात घालायची नसते. वेगळा पाइप, मेनपासून फूटभर लांब, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात, नाहीतर आवाजात गुणगुण शिरते. परवा इलेक्ट्रिशियनदादांनी बोर्ड बंद करण्याआधी नऊ व्होल्टच्या सेलने दोन्ही वायरी तपासल्या. सेल क्षणभर टेकवला की स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा. एकाचा आला, दुसऱ्याचा आत गेला. जोडात कुठेतरी लाल-काळी उलटी झाली होती. असे स्पीकर दोन्ही वाजतात, बिघडलेलं काहीच नसतं, पण एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि मृदंगाचा खर्जच नाहीसा होतो. तोंडाने जप चाललाय आणि मन भलतीकडे, हा दृष्टांत मी लांबवत नाही. तुमची जपमाळ तुम्हाला ठाऊक.

जोड सरळ झाला. वायर कुठून गेलीय त्याचे टेप धरून फोटो काढून ठेवलेत, पुढे कोणी खिळा ठोकायला नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण खर्ज रॉकवूललाही पुरता जुमानत नाही, स्लॅबमधून जातोच. त्यामुळे बाबांनी स्वतःच ठरवलंय : खर्ज कमी, आणि आजींच्या झोपेआधी, साडेआठला बंद.

उद्या नववा श्लोक, पृथ्वीच्या गंधाचा. आमच्याकडे सध्या ओल्या पुट्टीचा आहे.