पालवीचं वर्ष

शिकणारं पोर कोणासाठी शिकतं? स्वतःसाठी, आईबापासाठी, की गावाने नावं ठेवू नयेत म्हणून? सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. पोर मध्येच थकून बसलं, पुस्तक हातात धरवेना झालं, की मग त्याचं उत्तर सगळ्या घराला द्यावं लागतं. मी दहावीपर्यंत शिकलो आणि पुढे कलमांच्या बागेतच रमलो. कॉलेजात काय शिकवतात ते मला सांगता यायचं नाही. पण उमेद कशी धरते आणि कशी सुकते, हे चाळीसेक वर्षं झाडांच्या सोबतीत राहून थोडंफार कळलं आहे.

दहावी-बारावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा आमचा कोकण विभाग गेली कितीतरी वर्षं राज्यात पहिला येतो. पेपरात बातमी येते, वाडीत पेढे वाटतात. पुढचं मात्र कोणी छापत नाही. तेच पोर मुंबई-पुण्याला जातं. शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतं, इंग्रजीत सांगितलेलं अर्धं कळतं, अर्धं निसटतं. चारजणांत एक खोली, मेसचं जेवण, आणि पहिल्याच वर्षात ‘केटी’ हा शब्द शिकून घरी येतं. इथे पंच्याऐंशी टक्के मिळवलेल्या पोराला वाटायला लागतं, आपली हुशारी खोटीच होती की काय!

माझी पुतणी अशीच मुंबईला इंजिनिअरिंगला गेली. दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले. गणपतीला घरी आली ती गप्पच. येणाऱ्या-जाणाऱ्याचा एकच प्रश्न, “काय गो बाय, निकाल काय लागला?” रात्री माजघरात माझा भाऊ तिला म्हणाला, “तुझ्यासाठी दोन म्हशी विकल्या, बागेवर कर्ज काढलं, ते ह्याच्यासाठी?” दुसऱ्या दिवशी पोरगी पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “काका, पास झाले तर म्हशींचे पैसे फिटतील. नापास झाले तर तेही नाही. मग मी शिकत्ये कशाला?”

या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस विचार केला. भाऊ खोटं बोलला नव्हता. म्हशी खरोखर विकल्या, कर्जही खरं आहे. पण खरी गोष्टसुद्धा कुठे ठेवायची याला महत्त्व असतं. शेणखत चांगलंच असतं, पण ताजं शेण कोणी कलमाच्या बुंध्याला चिकटवून घालत नाही. मुळं करपतात. खत घालायचं ते बुंध्यापासून लांब, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे चर खणून. आईबापांच्या कष्टाचं तसंच आहे. ते पोराला लांबून आपोआप पोचतात. रोज उठून बुंध्यावर ओतले तर उमेद वाढत नाही, करपते.

कोणी म्हणेल, मग आईबापाचं ऋण पोराने फेडायचंच नाही का? फेडायचं. पण ते ज्याचं त्याला परत करून फिटत नसतं. माझ्या आज्याने लावलेल्या रायवळाचे आंबे मी आयुष्यभर खाल्ले. आज्याला त्याबदली मी काय दिलं? तो तर मी लहान असतानाच गेला. मी हापूसची कलमं लावली, ती पुढची पोरं खातील. ऋण असं पुढे जातं. म्हशीच्या किमतीशी पदवीचा हिशेब घातला की शिक्षणाचा सौदा होतो, आणि सौद्यात तोटा दिसला की माणूस दुकान बंद करायला बघतो.

आमच्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगतो. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८ चा. १८७५ साली परीक्षेला बसायचं म्हणून ते गावच्या जोडीदारांबरोबर साताऱ्याला पायी गेले. शंभराहून जास्त मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट. तिथे पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. वयाची अट सतराची, आणि कर्व्यांना सतरा पुरी झालेली होती. तरी परत यावं लागलं. पुढच्या वर्षी कोल्हापुरात ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. मुंबईत शिकवण्या करून पोट भरत १८८४ साली बी. ए. झाले. आजच्या हिशेबाने चांगली पाच वर्षं ‘वाया’ गेलेला विद्यार्थी! याच माणसाने १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. मिळालेलं शिक्षण त्यांनी पुढे दिलं ते असं.

ही गोष्ट आम्ही पोरांना सांगतो ती छडीसारखी. “कर्वे चालत गेले, तुला एसटीने जाऊन जमत नाही?” मला त्यात वेगळंच दिसतं. एक म्हणजे उशीर झाल्याने काही बिघडत नाही. दुसरं, ते एकटे चालले नव्हते, सोबत होती. आणि तिसरं मी माझ्या चालण्यावरून सांगतो. लांबची वाट डोक्यात सगळी एकदम घेऊन चालवत नाही. आजचा मुक्काम कुठे, एवढंच बघायचं असतं. चार वर्षांचं कॉलेज, त्यातले सगळे पेपर, पुढची नोकरी, कर्जाचे हप्ते हे एकदम डोक्यावर घेतलं तर पहिल्या मैलालाच पाय गळतात. उमेद आधी येते आणि मग माणूस चालतो, असं मला वाटत नाही. चार पावलं टाकली की पाचव्याची उमेद येते.

हापूस एकाआड एक वर्ष धरतो, हे बागायतदाराला सांगायला नको. ज्या वर्षी मोहोर नाही त्या वर्षी झाड पालवी काढतं. बाहेरचा माणूस म्हणतो, यंदा झाड फुकट गेलं. पण तीच पालवी पुढे जून होते आणि त्या काडीवर मोहोर येतो. दर वर्षी फळ हवंच म्हणून लोक कल्टार घालतात. मोजून घातलं, वर खतही दिलं तर ठीक. हाव धरून जास्त घातलं तर फुटवे आखूड होतात आणि झाडाचा जीव जातो. पोरांचंही पालवीचं एखादं वर्ष असतं. निकालात दिसत नाही, पण आत काहीतरी जून होत असतं.

एक फरक मात्र ओळखायला हवा. झाड दमलं आहे की त्याला भिरूड लागला आहे? बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत कीड आहे. मग खत घालून, समजूत काढून उपयोग नाही, आधी तार घालून कीड काढावी लागते. पोराची झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यातच राम नाही असं बोलायला लागलं, तर तो भुसा समजावा. डॉक्टरला दाखवावं. त्यात लाज कसली? सरकारचा १४४१६ हा फोन नंबर त्यासाठीच आहे, पैसे पडत नाहीत.

पुतणीला मी एवढंच म्हणालो, “बाय, म्हशी आम्ही विकल्या, तो आमचा निर्णय. त्याचं ओझं तू नको वाहूस. सोडायचं तर सोड, पण घाबरून सोडू नकोस. आधी दोन विषय, दिवसाला एक धडा, आणि सोबत एक मैत्रीण बघ.” भावालाही सांगितलं, फोनवर निकाल विचारू नको. पहिले काही दिवस तो रागावला, बोलला नाही. आता फोनवर “जेवलीस काय?” म्हणून विचारतो, आणि मग तीच आपणहून आज काय वाचलं ते सांगते.

ती पास होईल की वेगळी वाट धरेल, मला माहीत नाही. दोन्ही चालेल. आईबापांनी वाट दाखवावी, शिदोरी बांधून द्यावी. पाय मात्र पोराचे असतात, आणि कुठे टेकायचं, पुन्हा कधी उठायचं, हे त्या पायांनाच ठरवू द्यावं.