गोणपाटाचे पाणी

नांदगावजवळच्या एका वस्तीवर एक गवळी राहत होता. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, दूध गाळून कॅनमध्ये भरायचे आणि उजाडता उजाडता मोटारसायकलवरून गावात रतीब घालायला निघायचे, हा त्याचा नेम. शेवटचा थांबा रेल्वे स्टेशनाजवळची चहाची टपरी. उरलेले सगळे दूध तिथे जायचे.

हिवाळाभर कुणाची तक्रार आली नाही. होळी झाली, ऊन चढले, आणि एके दिवशी टपरीवरच्या पातेल्यातले दूध उकळी येण्याआधीच फाटले. “दादा, आज दूध नासलं,” चहावाला एवढेच म्हणाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झाले. मग रतिबाच्या घरांतूनही कुरकुर सुरू झाली.

गवळ्याला पहिला संशय म्हशींचा आला. त्याने पशुवैद्यकाला बोलावले. डॉक्टरांनी प्रत्येकीची कास चाचपली, एकेका सडाची पहिली धार वाटीत घेऊन पाहिली. गाठी नव्हत्या, रक्त नव्हते. दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेली नव्हती. मग गवळ्याने पेंड बदलली. मग घरच्यांनी म्हशींची दृष्ट काढली. दूध नासतच राहिले.

शेजाऱ्याने हळूच सांगितले, “चिमूटभर सोडा टाक. फाटायचं नाही.” शेजाऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. दूध आंबते म्हणून तापवताना फाटते, आणि सोडा तो आंबटपणा मारतो. पण त्याने जिवाणू मरत नाहीत. दूध आतून बिघडतच राहते, फक्त घेणाऱ्याला कळत नाही. शिवाय ती भेसळच. गवळ्याने पुडी आणली, रात्रभर ती कोनाड्यात राहिली. सकाळी नेहमीप्रमाणे त्याच दुधातला पेलाभर त्याने नातीसाठी काढला. पुडी उघडायला मग त्याचा हात धजावला नाही.

आता उरले ऊन. त्याने कॅनभोवती गोणपाट गुंडाळले आणि निघताना त्यावर बादलीभर पाणी ओतू लागला. उपाय शहाणपणाचा होता. गोणपाटातले पाणी उडून जाताना आतला कॅन गार राहतो. दोन-चार दिवस बरे गेले. मग दूध पुन्हा नासले.

त्या दिवशी चहावाला काही बोलला नाही. त्याने रिकामा कॅन उचलला, तोंडाच्या आतल्या काठावरून बोट फिरवले आणि ते गवळ्यापुढे धरले. बोटाला पिवळसर, चिकट थर लागला होता. वास आंबूस होता.

“कॅन धुतोस ना रोज?”

“विसळतो की. तांब्याभर पाण्याने. वस्तीवर टँकर येतो बाबा, धुवायला पाणी आणू कुठून?”

चहावाल्याने गोणपाटाकडे पाहिले. त्यातून अजून पाणी ठिबकत होते.

गवळ्यानेही पाहिले.

ताज्या धारेच्या दुधात स्वतःची थोडी ताकद असते. काही तास ते जिवाणूंना दाबून ठेवते. पण उबदार दुधात जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. सुरुवातीलाच ते थोडे असले, तर दूध निभावते. झाकणाच्या खाचेत आणि काठाखाली कालचे, परवाचे लाखांनी बसलेले असले, तर वस्तीपासून टपरीपर्यंतचा रस्ताही त्याला लांब पडतो. तापवून जिवाणू मरतात हे खरे, पण तोवर झालेला आंबटपणा जात नाही, उलट तापवतानाच दूध फाटते.

आणि तो थर उन्हाळ्यात जमला नव्हता. हिवाळ्यातही तो तिथेच होता. थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते, म्हणून भागून गेले होते. उन्हाने दोष आणला नाही, होता तो उघडा पाडला. गवळी आळशी नव्हता, लबाड तर नव्हताच. त्याने म्हैस तपासली, पेंड बदलली, दृष्टीवरही इलाज झाला. राहून गेले ते एवढेच, जे रोज त्याच्या स्वतःच्या हातून होत होते.

त्या संध्याकाळी त्याने अर्धी बादली पाणी गरम केले, त्यात धुण्याचा सोडा घातला आणि ब्रश घेऊन कॅनचा तळ, काठ, झाकणाची खाच घासून काढली. स्वच्छ पाण्याने खळखळून धुतले आणि कॅन पालथा घातला. शेवटच्या धुण्याचे पाणी फेकले नाही. ते साठवून त्याने सकाळी गोणपाटावर ओतले. टँकरचे पाणी तेवढेच लागले, आणि टपरीवरचे दूध नासायचे थांबले.

तुमच्याकडे रतिबाचे दूध येत असेल, तर उन्हाळ्यात ते आल्याबरोबर तापवा, कालचे उरलेले त्यात ओतू नका, आणि गवळ्याला बोल लावण्याआधी आपल्या पातेल्याचा काठही एकदा बघा.